ओटीच्या तांदळातला टोका

शास्त्राशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले. खोटं एका शब्दाचं होतं आणि एका किड्याच्या मांडीबद्दल होतं.

२००५ सालच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तेव्हा उइटहॉर्न या डच गावी राहत होतो. नवरा हूफडॉर्पच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा, सकाळी सातच्या बसने जायचा आणि संध्याकाळी सातला यायचा. मी पुण्याहून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून, तीन वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून आलेली बाई. गांडुळाची पचनसंस्था मी फळ्यावर न बघता काढू शकत होते. इथे मला काम करायची परवानगी होती, व्हिसावर तसं स्वच्छ लिहिलं होतं. काम तेवढं नव्हतं.

मला राग पटकन येतो आणि जायला त्याला वेळ लागतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे.

खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, एका बाईने सुचवलं की घरात बसून भाषा येणार नाही, कुठेतरी बिनपगारी कामाला जा. तिने मला तीन जागा काढून दिल्या. एक वृद्धाश्रम, एक जुन्या कपड्यांचं दुकान आणि बसने पाऊण तासावरच्या गावातलं एक जुनं संग्रहालय, जिथे किड्यांच्या पेट्यांना नवीन चिठ्ठ्या लावायच्या होत्या. मी किडे म्हटल्यावर त्या बाईने दोनदा विचारलं, किडे का? मी म्हटलं, किडे.

तिथे एक आजोबा होते. सत्तरी ओलांडलेले, उंच, कायम एकच तपकिरी स्वेटर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण सोमवारी आणि गुरुवारी ते यायचेच आणि त्यांना कोणी येऊ नका म्हणत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, मला नावाने हाक मार. सत्तरीच्या माणसाला एकेरी नावाने हाक मारणं माझ्याच्याने झालं नाही. त्यांना ‘सर’ चालत नव्हतं. मग मी त्यांना कुठलीच हाक न मारता सगळे दिवस काढले. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभी राहायचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचे, इथेही तेच म्हणते.

आजोबांचा एक भुंगा होता. उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळांवरचा, सोंडवाला. त्याला मराठी नाव नाही, इंग्रजी नाही आणि डचही नाही. लॅटिन नाव आहे, पण ते भुंग्यापेक्षा लांब आहे. भुंगा तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. अंगावर करड्या खवल्यांची पूड, पुढे बाकदार सोंड आणि पुढच्या पायांच्या मांडीवर एकेक बारीक काटा. काटा लक्षात ठेवा.

हा भुंगा शेतकऱ्याचं काही खात नाही, त्यामुळे त्याला कोणी विचारत नाही. त्याचा एक भाऊबंद कापूस खातो. त्याच्यावर लोकांनी जाडजूड ग्रंथ लिहिले, सरकारांनी पैसा ओतला. हा बिचारा माळावर आपला आपण राहतो, कुणाचं नुकसान करत नाही. मग त्याची कोण दखल घेणार? मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. त्या वर्षी मला बऱ्याच गोष्टींचं फार वाईट वाटायचं.

आजोबांना या भुंग्याबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्याची अळी काय खाते? मोठा झाल्यावर तो फुलांवर सापडतो. पण लहानपणी कुठे असतो, कशात वाढतो, ते कुणी पाहिलेलं नाही, असं आजोबा म्हणायचे. त्यांचा संशय माळावरच्या एका रानटी शेंगेवर होता. अमेरिकेतल्या एका तितक्याच म्हाताऱ्या मित्राने त्यांना त्या शेंगा बरणीभर पाठवल्या होत्या. बरणीच्या तोंडावर मलमलीचं पांढरं फडकं रबराने बांधलेलं, गळ्यात सरकारी परवानगीचा कागद दोऱ्याने लटकवलेला. बरणी आमच्या खोलीत खिडकीच्या कठड्यावर होती. खाली हीटर. आजोबा आले की आधी त्या बरणीपुढे उभे राहायचे. शेंगेतून भुंगा निघाला की उत्तर मिळालं. निघत नव्हता.

आणि आजोबांना दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. डोळ्यांच्या मध्यभागी काळा डाग आला होता, कडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे माझ्याशी बोलताना ते माझ्या खांद्यापलीकडे बघायचे. सुरुवातीला मी मागे वळून पाहायची, कोण आलं म्हणून. मायक्रोस्कोप त्यांच्या उपयोगाचा राहिला नव्हता. तिथे मी बसायची. ते शेजारी खुर्ची ओढून, डोळे मिटून प्रश्न विचारायचे आणि मी दिसेल ते सांगायची. सोंड किती वाकडी? मिशीला कोपर आहे का? त्यांचे प्रश्न ठरलेल्या क्रमाने यायचे, डॉक्टर पोट दाबत जातो तसे. आठवड्याचे ते दोन दिवस मला आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही.

जुलैमध्ये तिथे एक पगारी जागा निघणार होती. सगळ्या सोंडकिड्यांची यादी करायची, दोन वर्षांचं काम. आजोबांच्या शिफारशीवर ती कुणालाही मिळाली असती आणि आजोबा म्हणाले होते, मी तुझं नाव देणार. मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे हवीच होती, जीव टाकून हवी होती.

त्या खोलीचा एक नियम होता, दारावर चार भाषांत लावलेला. खाण्याची वस्तू आत आणायची नाही. चॉकलेट नाही, सफरचंद नाही, खिशात बिस्किटाचा चुरासुद्धा नाही. खाण्याबरोबर जिवंत किडे येतात आणि जिवंत किडे मेलेल्या किड्यांना खातात. शंभर-शंभर वर्षं जपलेली पेटी एका उन्हाळ्यात भुगा होऊन जाते. मी डबा खाली कॅन्टीनमध्ये ठेवायचे. नियमाच्या बाबतीत मी फार काटेकोर होते. तसं सगळ्यांना सांगायचेसुद्धा.

आता ओटी.

जानेवारीच्या शेवटी नवऱ्याच्या टीम लीडच्या घरी हूफडॉर्पला जेवायला गेलो होतो. टीम लीडची बायको मूळची ठाण्याची, मी तिला वहिनी म्हणायची. नवीन वसाहतीत तीन मजली घर, प्रत्येक मजल्यावर वेगळ्या रंगाचं कार्पेट. जेवण उत्तम होतं, खोटं कशाला बोलू. श्रीखंड घरी चक्का बांधून केलेलं. श्रीखंड वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, “मग तू काय करतेस दिवसभर?”

मी म्हटलं, संग्रहालयात जाते, किड्यांचं काम करते.

“पगार?”

“नाही.”

“अगं बाई! म्हणजे फुकट किडे मोजतेस?” असं म्हणून त्या इतक्या गोड हसल्या की माझा नवराही हसला. तो का हसला ते मी त्याला बसमध्ये विचारलं. तो म्हणाला, श्रीखंड छान होतं.

निघताना वहिनी म्हणाल्या, पहिल्यांदा आलीस, ओटी भरते. मी जीन्समध्ये. पदर कुठून आणू? मग गळ्यातला लोकरीचा स्कार्फ पुढे धरला. त्यात त्यांनी ओंजळीने तांदूळ घातले, नारळ, सुपारी, ब्लाऊजपीस घातलं, कुंकू लावलं. तांदूळ ओटीसाठी वेगळे ठेवलेले होते, हे बघताक्षणी कळलं. जाड, जुने, कुठल्यातरी सुट्टीत बॅगेतून आणलेले. खाण्याचा बासमती निराळा, तो आत्ताच जेवलो होतो. ओटीचा तांदूळ कोण कधी बघतं म्हणा! आमची आईसुद्धा तेच करते. मी नारळ पिशवीत टाकला आणि तांदूळ रुमालात बांधून कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

ओटीचे तांदूळ घरी आणून शिजवायचे असतात, खीर करायची असते. टाकायचे नसतात. पण त्या बाईच्या तांदळाची खीर करून खायची माझी इच्छा नव्हती आणि ओटीचे तांदूळ कचऱ्यात टाकायची हिंमत नव्हती. देवाधर्माचं मी फारसं काही करत नाही, तरी नव्हती. उद्या बघू म्हटलं. रुमाल खिशात राहिला. माझ्याकडे तोच एक कोट होता, तो घालून मी आठवड्यातून दोनदा संग्रहालयात जायचे आणि खुंटीला अडकवायचे. खुंटी हीटरच्या बाजूला होती. कोट छान गरम होऊन मिळायचा. फेब्रुवारी गेला, मार्च निम्मा गेला. खिशातल्या रुमालाचा मला विसर पडला होता असं मी म्हणू शकते, पण खरं सांगायचं तर हात लागला की मी तो दुसरीकडे वळवायची.

मार्चमधल्या एका सोमवारी मी चिठ्ठ्या कापत बसले होते. आजोबा बरणीपुढे उभे होते. एकदम त्यांनी माझं नाव घेतलं, पण असं घेतलं की माझ्या हातातली कात्री खाली पडली.

“फडक्यावर काहीतरी चालतंय,” ते म्हणाले. “पांढऱ्यावर काळं. मला दिसतंय. कडेने दिसतंय.”

मी गेले. मलमलीच्या पांढऱ्या फडक्यावर एक भुंगा चालत होता. तांदळाच्या निम्मा, तपकिरी, सोंड पुढे काढून, सरळ रेषेत, कुठेतरी वेळेवर पोचायचं असल्यासारखा.

तो टोका होता.

मायक्रोस्कोप नको होता, भिंग नको होतं. माझ्या लहानपणीच्या सुट्टीतल्या सकाळी ताटात तांदूळ घेऊन निवडण्यात गेल्या आहेत. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेणारा तो टोका मी हजारांनी वेचून ताटाबाहेर ढकललाय. मी बोट लावलं. त्याने पाय आखडले. त्याच क्षणी मला खिसा आठवला.

मी वळून आजोबांकडे पाहिलं. ते रडत नव्हते, हसतही नव्हते. तोंड थोडं उघडं होतं. शाळेचा निकाल लागताना बाप उभा राहतो तसे ते उभे होते.

“घे,” ते म्हणाले. “हळूच. आणि बस.”

भुंगा कुपीत घातला, औषधाने तो दोन मिनिटांत गेला, मी त्याला काचेवर ठेवलं. आजोबांनी खुर्ची ओढली, डोळे मिटले.

“सोंड?”

“आहे. बाकदार.” हे खरं होतं.

“मिशीला कोपर?”

“आहे.” हेही खरं.

“रंग?”

“तपकिरी.”

“खवले नाहीत?”

“नाहीत.”

ते थांबले. मला वाटलं सुटले. पण त्यांनीच समजूत काढली, स्वतःची. “फडक्यातून घुसून बाहेर आला असणार. घासले गेले. होतं तसं.” टोक्याच्या पाठीवर चार तांबूस ठिपके असतात. तेही मला स्पष्ट दिसत होते. ठिपक्यांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

“पुढची मांडी बघ. काटा आहे का?”

मी मांडी बघितली. मांडी गुळगुळीत होती. मी पुन्हा बघितली, जणू बघून बघून काटा उगवेल. आजोबांचे मिटलेले डोळे पापणीखाली हलत होते. ‘नाही’ म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग हा काय आहे, आणि त्याच्या पुढचा, इथे आला कुठून. खुंटीवर माझा कोट लटकत होता.

“आहे,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. तीन वेळा. अजून आठवतंय.

लगेच त्यांनी अमेरिकेतल्या मित्राला पत्र सांगायला घेतलं, मी कॉम्प्युटरवर टाइप केलं. पत्र लहान होतं. तुझ्या शेंगांतून आज आपला भुंगा निघाला. काटा पाहिला आहे. सविस्तर मागून लिहितो. ‘काटा पाहिला आहे’ हे त्यांनी दोनदा वाचून घेतलं. सही केली, ती कागदाबाहेर थोडी गेली. पाकीट माझ्याकडे दिलं, बसस्टॉपजवळच्या पेटीत टाक म्हणून. मी ते कोटाच्या खिशात ठेवलं. दुसरीकडे कुठे ठेवणार? आतल्या खिशात, रुमालाच्या शेजारी.

पेटीपाशी मी उभी राहिले. एक बस सोडली. दुसरी आल्यावर चढले. पत्र खिशातच होतं.

घरी आल्यावर परातीत रुमाल सोडला. तांदळाला भोकं पडली होती, पीठ झालं होतं आणि त्यात निदान पंधरा टोके फिरत होते. नवरा आला तेव्हा मी परात पुढ्यात घेऊन जमिनीवर बसले होते. त्याला सगळं सांगितलं. त्याने बूट काढले, शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “ऑप्शन ए, काही बोलू नकोस. ऑप्शन बी, सांगून टाक. ए मध्ये रिस्क लाँग टर्म आहे.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

“बी मध्ये जागा जाईल.”

“मला कळतंय ते!” मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या डच बाईने भिंतीवर टकटक केलं. अशी टकटक तिने आधी फक्त एकदाच केली होती, मी मिक्सरवर इडलीचं पीठ वाटत होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. मी म्हटलं, आई, तांदळात टोके झालेत. आईने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, उन्हात घाल. मी म्हटलं, इथे ऊन नाही. मग बिब्बा टाक. बिब्बाही नाही. “मग कसलं मेलं ते परदेश,” आई म्हणाली. मला रडू आलं. आईला वाटलं, टोक्यांमुळे. म्हणाली, “अगं, वेचून टाकायचे. त्यात काय रडायचं?”

बुधवारभर मी विचार केला. जागेचा विचार केला, तो लवकर संपला. मग विचार आला तो त्या पत्राचा. ते म्हातारे आहेत, त्यांचा मित्र म्हातारा आहे. ते दोघं हे छापतील. मग कोणीतरी वीस वर्षांनी त्या शेंगा शोधत माळ पालथा घालेल, कारण एका बाईने एका सोमवारी ‘आहे’ म्हटलं होतं. या भुंग्याबद्दल जगाला एकच गोष्ट कळणार आणि ती टोक्याबद्दलची असणार. एवढा साधा किडा, कुणाच्या अध्यातमध्यात नाही आणि त्याच्या वाट्याला हे. मला स्वतःचा इतका राग आला की मी संध्याकाळी चार पोळ्या करपवल्या.

गुरुवारी मी तांदूळ काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून नेले. खोलीत नेले नाहीत, खाली कॅन्टीनमध्ये ठेवले आणि आजोबांना खाली बोलावलं. टेबलावर बरणी ठेवली, शेजारी पाकीट.

“हे पत्र मी टाकलं नाही,” मी म्हटलं. “भुंगा तुमचा नव्हता. तांदळातला होता. माझ्या कोटातल्या.”

आजोबांनी बरणी उचलली, कडेने बघितली, कानाशी नेऊन हलवली. “काटा?”

“नव्हता.”

“तुला कधी कळलं?”

“फडक्यावर होता तेव्हाच.”

त्यांनी बरणी खाली ठेवली. कॅन्टीनमधलं कॉफीचं मशीन आवाज करत होतं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

“मग ‘आहे’ का म्हणालीस?”

मी म्हटलं, “जागेसाठी. आणि तुम्ही खुश होतात म्हणून.”

“मी खुश होण्यासाठी तुला तिथे बसवलं नव्हतं,” ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. “मला दिसत नाही. तुझे डोळे मी माझे समजतो. माझे डोळे मला आवडेल ते दाखवायला लागले, तर मी आंधळाच आहे.”

इतकी लाज मला आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

बरणी पुन्हा उचलून त्यांनी विचारलं, “पण तांदूळ कोटात का होते?”

मग ओटी म्हणजे काय हे मी इंग्रजीत समजावलं. लग्न झालेल्या बायका एकमेकींच्या मांडीत तांदूळ घालतात. इंग्रजीत ते भयंकर वाटत होतं. आजोबा लक्ष देऊन ऐकत होते.

“ती बाई तुला आवडते?”

“नाही.”

“तरी तिचे तांदूळ घेतलेस.”

“घ्यावे लागतात.”

“आणि खात नाहीस, टाकत नाहीस.”

“नाही.”

“हं,” ते म्हणाले, आणि घटनांची वही आणायला सांगितली.

नियमाप्रमाणे सगळी नोंद करावी लागली. आजोबा सांगत होते, मी लिहीत होते. जिवंत कीटक आढळला. प्रकार, तांदळातला सोंडकिडा. उगम, स्वयंसेविकेच्या कोटाचा खिसा. कारण या रकान्यात त्यांनी मला लिहायला लावलं, धार्मिक तांदूळ. खाली माझी सही. ती वही अजून तिथे असेल, संग्रहालयात काही टाकत नाहीत.

खोली बंद झाली. आमच्या पेट्या तीन आठवडे उणे तीसच्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि टाकता येत नाहीत म्हटल्यावर आजोबांनी ओटीचे तांदूळही त्यांच्याबरोबर ठेवायला लावले. अमेरिकेचे भुंगे आणि वहिनींचे तांदूळ एका कप्प्यात. बाहेर आल्यावर मी ते आम्स्टेल नदीच्या काठी बदकांना घातले. खीर केली नाही.

मेलेला टोका मात्र आजोबांनी ठेवून घेतला. म्हणाले, याचीही चिठ्ठी कर. ठिकाण, खिडकी. ओळख कुणी पटवली, तिथे तुझं नाव घाल, कारण तू ओळखलं होतंस. मी घातलं. शास्त्रीय चिठ्ठीवर माझं नाव यायची ती पहिली वेळ, तीही तांदळातल्या किड्याखाली.

जुलैतली जागा मला मिळाली नाही. ती दुसऱ्या गावातल्या एका मुलीला मिळाली, आजोबांनीच नाव दिलं होतं. मुलगी चांगली होती. मला ती आवडायची नाही.

मी बिनपगारी जात राहिले. नवरा म्हणाला, कशाला आता? आजोबांनी मला मायक्रोस्कोपवरून उठवलं नव्हतं, हे खरं. पण प्रश्नांची रीत बदलली होती. आता प्रत्येक उत्तरानंतर ते डचमध्ये विचारायचे, “झेकर?” म्हणजे, नक्की? सोंड बाकदार. झेकर? मिशीला कोपर. झेकर? एका भुंग्याला दहा-बारा वेळा. मला ते दर वेळी टोचायचं. चिडायची सोय नव्हती, मी कमावलेलं होतं ते. मी म्हणायची, झेकर.

शेंगांची बरणी तेवढी फ्रीजरमध्ये घातली नव्हती, ती खिडकीत परत आली होती. ती तपासायचं काम माझ्याकडे होतं. सोमवारी आणि गुरुवारी मी एकेक शेंग भिंगाखाली फिरवून बघायची आणि आजोबा पाठीमागून विचारायचे, “काही?”

“काही नाही.”

“झेकर?”

“झेकर.”

असं ते वर्ष गेलं आणि पुढचं निम्मं. दरम्यान आजोबांचं कडेचं दिसणंही कमी होत गेलं. त्यांना त्यांची मुलगी गाडीने सोडायला लागली. भिंतीला हात लावत ते खोलीत यायचे आणि न चुकता बरणीपुढे उभे राहायचे, तिच्याकडे तोंड करून.

२००६ च्या सप्टेंबरमधला सोमवार होता. मी शेंगा बघितल्या. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला, कारण एका शेंगेवर एक ठिपका होता. भोक वाटलं. सुईने टोकरून बघितलं, बुरशी होती. किती वाटत होतं मला, भोक असावं!

“काही?” आजोबांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “एक बुरशीचा डाग आहे. भोक नाही.”

मी पुढच्या शब्दाची वाट बघत थांबले. तो आला नाही.

आजोबा खुर्ची चाचपडत बसले. “मग लिहून घे,” ते म्हणाले, आणि अमेरिकेच्या मित्राला पत्र सांगितलं. तुझ्या शेंगा जवळजवळ दोन वर्षं पाहिल्या. एकेक शेंग पाहिली. काही निघालं नाही. ही ती शेंग नव्हे. आता तू दुसरीकडे शोध, मला जमणार नाही.

मी टाइप केलं. वाचून दाखवलं. मला वाटलं, आता तरी विचारतील. त्यांनी हात पुढे केला, मी पेन दिलं आणि त्यांचा हात धरून सहीच्या जागी ठेवला.

मी कोट घातला, रिकाम्या खिशात पत्र ठेवलं आणि पेटीपर्यंत पळत गेले. बसला अजून वीस मिनिटं होती.